मान न मोडता

गेल्या वर्षी फेब्रुवारीत जवळपास तीन आठवडे मी उजवा हात डोक्यावर ठेवून काढले. जेवणाच्या टेबलाशी, संगणकासमोर, पत्नी गाडी चालवत असताना तिच्या शेजारी, कुठेही असलो तरी तळवा टाळूवर टेकवला की खांद्यापासून कोपराखाली उतरणारी कळ मंदावत असे आणि हात खाली सोडला की मिनिटाभरात पुन्हा उसळत असे. साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर आईने हे ध्यान पाहिले, तेव्हा तिने काळजीने विचारले, "अरे, असा डोक्याला हात लावून का बसलायस? नोकरी गेली का?" नोकरी शाबूत होती. मानेतली एक गादी मात्र फुटली होती.

या बसण्यालाही वैद्यकात स्थान आहे, हे पुढे कळले. हात डोक्यावर ठेवल्याने मानेतून निघून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या मुळावरचा ताण सैल पडतो, म्हणून रुग्ण कोणी न शिकवताच तसा बसू लागतो, आणि तपासणारा जाणकार असेल तर रुग्णाने तोंड उघडण्यापूर्वीच त्याला बरेचसे निदान झालेले असते.

मी राहतो अमेरिकेतील आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठावरच्या बेटेनडॉर्फ गावी. रोज पूल ओलांडून पलीकडच्या इलिनॉय राज्यातल्या मोलिनला कामाला जातो. त्या हिवाळ्यात एका रविवारी दारातला ओला, जड बर्फ फावड्याने उचलून उजव्या खांद्यावरून मागे टाकण्याचे काम मी दोन तास केले. सोमवारी काही वाटले नाही. मंगळवारी उठलो तो मान धरलेली होती आणि मी सवयीप्रमाणे उशीला दोष दिला. शुक्रवारपर्यंत मानेचे दुखणे खांद्याच्या फऱ्याखाली सरकले, तिथून दंडाच्या मागच्या बाजूने उतरले आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊ लागल्या. आडवे झाले की कळ वाढे, म्हणून रात्री आरामखुर्चीत बसून काढाव्या लागत. आमच्या घरी रविवारी पोळ्या लाटण्याचे काम माझ्याकडे असते. पुढच्या रविवारी लाटण्यावर जोर द्यायला गेलो, तर उजव्या हाताचा जोरच लागेना. दुखत होते म्हणून नव्हे, तर दंडाच्या मागचा स्नायू जणू आज्ञाच ऐकत नव्हता म्हणून. वेदनेपेक्षा मला या गोष्टीची भीती अधिक वाटली.

आपल्याकडे या प्रकाराला 'गादी सरकली' किंवा 'नस दबली' असे म्हणतात. पैकी दुसरे वर्णन बरेचसे बरोबर आहे, पहिले फसवे आहे. दोन मणक्यांमधली गादी जिलबीच्या ताटातल्या जिलबीसारखी सुटी नसते की धक्का लागला आणि सरकली. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट जोडलेली असते. तिच्या बाहेर चिवट तंतूंची एकावर एक गुंडाळलेली कडी असतात आणि आत पाणीदार, मऊ गर असतो. वयानुसार गरातले पाणी कमी होते, कड्यांना बारीक भेगा पडतात आणि एखाद्या दिवशी गराचा काही भाग भेगेतून मागच्या बाजूला बाहेर येतो. नेमक्या त्याच बाजूला मज्जातंतूची मुळे मणक्यांच्या खिडक्यांतून बाहेर पडत असतात. बाहेर आलेला गर त्यांच्यावर दाब आणतोच, शिवाय त्यातील रसायनांमुळे मुळाला सूज येते. ही सूज महत्त्वाची आहे, कारण कळ किती तीव्र असेल हे बरेचदा दाबाइतकेच तिच्यावरही अवलंबून असते, आणि सूज उतरू शकते.

मानेत सात मणके असतात, पण मज्जातंतूंच्या मुळांच्या जोड्या मात्र आठ, कारण पहिली जोडी पहिल्या मणक्याच्या वरून निघते. म्हणून सहाव्या आणि सातव्या मणक्यामधली गादी बाहेर आली की दबते ते सातवे मूळ. या मुळाच्या अखत्यारीत साधारणपणे मधले बोट आणि दंडाच्या मागचा, म्हणजे कोपर सरळ करणारा स्नायू येतो. सहावे मूळ दुखावले तर अंगठा आणि तर्जनी कुरकुरतात, आठवे दुखावले तर करंगळी. माझे मधले बोट आणि माझे लाटणे यांनी मिळून, कोणत्याही यंत्राच्या आधी, गुन्हेगाराचा पत्ता सांगून टाकला होता.

आमच्या कौटुंबिक डॉक्टरांनी हातोडीने प्रतिक्षेप तपासले, म्हणजे हलका ठोका बसताच स्नायू आपोआप आखडतो का ते पाहिले. उजव्या कोपराचा प्रतिक्षेप जवळपास मिळालाच नाही. त्यांनी सूज उतरवणाऱ्या गोळ्या दिल्या आणि एक गोष्ट समजावून सांगितली, जी मी त्या दिवसांत पुन्हा पुन्हा आठवत असे. शेजारच्या मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर शहरात १९७६ ते १९९० या काळात मानेतल्या मुळाच्या दुखण्याचे जे रुग्ण आढळले, त्या ५६१ जणांचा पाठपुरावा झाला. त्यांच्यापैकी २६ टक्के लोकांवर शस्त्रक्रिया झाली आणि शेवटच्या नोंदीच्या वेळी ९० टक्के लोकांना एक तर काहीच त्रास नव्हता किंवा अगदी किरकोळ होता. त्याच अभ्यासात सर्वाधिक वेळा दुखावलेले मूळ सातवेच होते, आणि जवळपास एकतृतीयांश लोकांना दुखणे पुन्हा उद्भवले होते, हेही त्यांनी लपवले नाही. मज्जारज्जूवर, म्हणजे ही मुळे जिथून निघतात त्या मणक्यांच्या आतल्या मुख्य दोरावर, दाब असल्याची लक्षणे नसतील आणि अशक्तपणा वाढत नसेल, तर सहा आठवडे शस्त्रक्रियेचा विचारही नको, असे त्यांचे मत पडले. या सहा आठवड्यांत काय करायचे, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी फिजिओथेरपी आणि कायरोप्रॅक्टिक, म्हणजे मणके आणि सांधे हातांनी दाबून, हलवून करायचा उपचार, असे दोन पर्याय ठेवले. त्यातला दुसरा ऐकून मी खुर्चीत जरा मागे सरकलो.

याला कारण होते. साताऱ्यात माझ्या लहानपणी केस कापून झाले की न्हावी डोक्याला तेल लावून चंपी करीत असे आणि शेवटी हनुवटी धरून मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कडाडा वाजवून देत असे. शेजारच्या आळीत एक हाडवैद्य होते, त्यांच्याकडेही लोक मुरगळलेले पाय घेऊन जात. कायरोप्रॅक्टिक म्हणजे याच प्रकाराला पांढरा कोट घातलेला, अशी माझी समजूत होती, आणि गादी फुटलेली असताना कोणाकडून तरी मान मोडून घ्यावी, हा विचार मला वेडेपणाचा वाटत होता.

यातली गंमत अशी की मी राहतो त्याच्या शेजारच्याच गावात, डॅव्हनपोर्टमध्ये, या विद्येचा जन्म झाला. कॅनडात जन्मलेले डी. डी. पामर हे अमेरिकेत येऊन आधी मधमाश्या पाळत, मग किराणा विकत आणि पुढे चुंबकीय उपचार करीत. १८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांनी आपल्या इमारतीतला सफाई कर्मचारी हार्वे लिलार्ड याच्या पाठीच्या मणक्यावर हाताने दाब दिला आणि त्याला बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेले ऐकू परत येऊ लागले, असा त्यांचा दावा होता. ऐकण्याचा मज्जातंतू पाठीच्या कण्यातून जातच नाही, त्यामुळे ही कथा मला कधीच पटलेली नाही. पण हात आणि क्रिया या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून बेतलेले कायरोप्रॅक्टिक हे नाव आणि १८९७ मध्ये त्यांनी काढलेली शाळा या दोन्ही गोष्टी टिकल्या. ब्रॅडी स्ट्रीटवरच्या त्या महाविद्यालयावरून मी शेकडो वेळा गेलो आहे. डी. डी. पामर यांना १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल तुरुंगात जावे लागले होते. त्यांचे चिरंजीव बी. जे. पामर यांच्या मालकीच्या डॅव्हनपोर्टच्या नभोवाणी केंद्रावर १९३२ साली रोनाल्ड रेगन नावाचा तरुण निवेदकाची नोकरी करत होता, हे मात्र इथला प्रत्येक जण पाहुण्यांना आवर्जून सांगतो.

जवळजवळ सर्व रोगांचे मूळ मणक्यांच्या किंचित सरकण्यात आहे, हा पामर यांचा मूळ सिद्धान्त आज टिकण्यासारखा नाही. अमेरिकेतील डॉक्टरांच्या मुख्य संघटनेने दीर्घकाळ या व्यवसायाशी असहकार पुकारला होता. त्याविरुद्ध १९७६ मध्ये खटला झाला आणि १९८७ मध्ये न्यायाधीश सुसान गेट्झेंडॅनर यांनी तो असहकार बेकायदा ठरवला. न्यायालयाने बहिष्कार उठवल्याने सिद्धान्त खरा ठरत नाही, पण त्यानंतरच्या काळात या व्यवसायात दोन प्रवाह अधिक स्पष्ट झाले असे मला वाटते. एक जुन्या श्रद्धेला धरून राहिलेला आणि दुसरा मान, पाठ, सांधे यांच्यापुरते स्वतःला मर्यादित ठेवून पुराव्याकडे पाहणारा. हे दोन्ही प्रवाह मला एकाच आठवड्यात भेटले.

पहिल्या ठिकाणी भिंतीवर मणक्यांच्या चित्राचा मोठा तक्ता होता आणि त्यातल्या प्रत्येक मणक्यासमोर एकेका अवयवाचे नाव लिहिलेले होते. माझ्या संपूर्ण पाठीचे एक्स-रे काढण्यात आले, मानेची नैसर्गिक कमान सपाट झाल्याचे सांगण्यात आले आणि ३६ बैठकांचे पैसे आगाऊ भरल्यास सवलत मिळेल, असा कागद पुढे करण्यात आला. माझ्या कोपराचा प्रतिक्षेप कोणी तपासला नाही. मी विचार करून सांगतो असे म्हणून बाहेर पडलो आणि गाडीत बसल्यावर पुन्हा डोक्यावर हात ठेवला. या वेळी आईचा अर्थ अधिक बरोबर होता.

दुसऱ्या ठिकाणी ज्या कायरोप्रॅक्टर बाई होत्या, त्यांनी पहिली जवळपास पाऊण तासाची भेट माझ्या मानेवर कोणताही उपचार न करता संपवली. त्यांनी माझे डोके उजवीकडे कलवून वरून हलका दाब दिला, तेव्हा कळ थेट बोटापर्यंत गेली. ही स्पर्लिंग यांची तपासणी. अमेरिकन शल्यविशारद स्पर्लिंग आणि स्कोव्हिल यांनी १९४४ मध्ये तिचे वर्णन केले. मग त्यांनी मला उताणे झोपवून हनुवटी आणि डोक्याचा मागचा भाग धरून मान हळूच ओढली, तेव्हा कळ कमी झाली. उजवीकडे मान किती अंशांपर्यंत वळते ते मोजले, हात बाजूला पसरून आणि मनगट मागे वाकवून मज्जातंतू ताणून पाहिला. या चारही तपासण्या एकाच वेळी होकारार्थी आल्या की मुळाचे दुखणे असण्याची शक्यता फार वाढते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले होते आणि माझ्या चारही आल्या.

त्यानंतर जे झाले, त्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला. त्यांनी मला बूट काढून एका रेषेत टाच आणि चवडा जुळवत चालायला लावले, शर्टची बटणे लावून दाखवायला सांगितली, मधल्या बोटाचे नख टिचकी मारल्यासारखे दाबून अंगठा आपोआप आत वळतो का ते पाहिले, मान छातीकडे वाकवली की पाठीतून विजेसारखे काही जाते का ते विचारले, लघवीबद्दलही विचारले. ही सारी चौकशी मुळाची नव्हती, मज्जारज्जूची होती. गादीचा गर मागे मध्यभागी आला आणि मज्जारज्जूच दाबला गेला, तर मानेला हाताने झटका देणे धोक्याचे असते आणि अशा माणसाला त्याच दिवशी शल्यविशारदाकडे पाठवावे लागते. माझ्यात तसे काही आढळले नाही. तरीही स्नायूत अशक्तपणा आहे म्हणून एमआरआय होईपर्यंत मानेला हात लावणार नाही, असे त्यांनी सांगितले आणि तसे पत्र आमच्या डॉक्टरांना पाठवले.

एमआरआयमध्ये सहाव्या-सातव्या मणक्यामधली गादी उजवीकडे बाहेर आलेली दिसली. त्याशिवाय वरच्या दोन गाद्या झिजल्याचेही लिहिलेले होते आणि ते वाचून मी खचलो. तेव्हा बाईंनी जपानमधील एका अभ्यासाचा दाखला दिला. मानेचा काहीही त्रास नसलेल्या ४९७ लोकांचे एमआरआय तिथे काढले गेले आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार विशीतल्या पुरुषांपैकी १७ टक्के आणि स्त्रियांपैकी १२ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या होत्या, तर साठीपुढच्या लोकांत हे प्रमाण पुरुषांत ८६ आणि स्त्रियांत ८९ टक्के होते. म्हणजे वरच्या दोन गाद्या या माझ्या वयाच्या पांढऱ्या केसांसारख्या होत्या. दुखणे होते ते एकाच ठिकाणी, आणि चित्र आणि तपासणी एकाच जागेकडे बोट दाखवत होते, म्हणून त्या चित्राला किंमत होती.

उपचाराआधी त्यांनी एका संमतीपत्रावर सही घेतली आणि त्यातला एक परिच्छेद स्वतः वाचून समजावला. मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या असतात. क्वचित प्रसंगी या धमनीचे आतले अस्तर फाटते आणि तिथे तयार झालेली गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. मानेला झटका देण्याच्या उपचारानंतर असे झाल्याच्या नोंदी आहेत. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात नऊ वर्षांतल्या अशा ८१८ पक्षाघातांचा अभ्यास झाला, त्यात असे दिसले की त्याआधी कायरोप्रॅक्टरकडे जाणे आणि साध्या डॉक्टरकडे जाणे या दोन्हींचा पक्षाघाताशी सारखाच संबंध दिसतो. याचा एक अर्थ असा लावला जातो की धमनी आधीच फाटू लागलेली असते आणि तिच्याच मानदुखीमुळे माणूस कोणाकडे तरी जातो. पण अमेरिकेतील हृदयरोग संघटनेने २०१४ च्या निवेदनात संबंध आहे, पण झटक्यामुळेच तसे होते हे सिद्ध झालेले नाही, आणि रुग्णाला हे आधी सांगितले पाहिजे, अशी भूमिका घेतली. बाईंनी ते सांगितले. न्हाव्याच्या खुर्चीत मला कोणी काही सांगितले नव्हते, आणि आज त्या कडाडण्याची आठवण आली की अंगावर काटा येतो.

त्या आवाजाबद्दलही इथेच लिहून टाकतो. हाड हाडावर घासल्याचा किंवा जागेवर बसल्याचा तो आवाज नसतो. सांध्यातल्या वंगणाच्या द्रवात ताणामुळे एकाएकी वायूची पोकळी तयार होते, त्याचा असतो. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी बोटांचे सांधे एमआरआय यंत्रात ओढून ही पोकळी तयार होताना टिपली आणि २०१५ मध्ये ते प्रसिद्ध केले. आवाज झाला म्हणजे उपचार लागू पडला, असा त्याचा अर्थ होत नाही, आणि आवाजासाठी उपचार करणारा माणूस मला यापुढे संशयास्पदच वाटेल.

माझ्या मानेला, दुखावलेल्या जागी, एकदाही झटका दिला गेला नाही. मला पोटावर झोपवून एका सांधे असलेल्या टेबलावर, ज्याचा डोक्याकडचा भाग हलतो, मान लयीत हळूहळू ओढली जाई आणि सोडली जाई. अमेरिकेतील कायरोप्रॅक्टर जेम्स कॉक्स यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. एका हाताची बोटे नेमक्या मणक्यावर ठेवून दुसऱ्या हाताने टेबल हलवायचे, असे तिचे तंत्र. ओढ इतकी सौम्य असे की पहिल्या दिवशी मला ती फसवणूक वाटली. पैसे देऊन झोपाळ्यावर झोपल्यासारखे वाटत होते. मानेखालच्या, फऱ्यांमधल्या ताठरलेल्या मणक्यांना मात्र खणखणीत झटका मिळे आणि त्यानंतर मान काही काळ मोकळी वाटे. त्याशिवाय हनुवटी मागे सारण्याचा, म्हणजे कोणी नावडता नातेवाईक गालगुच्चा घ्यायला आला की आपण मागे घेतो तसा, व्यायाम दिवसातून सहा-सात वेळा करायचा होता. आणि मज्जातंतूला आजूबाजूच्या ऊतींतून हळूच पुढे-मागे सरकवण्याचा एक हाताचा व्यायाम होता, जो करताना कार्यालयातल्या सहकाऱ्यांना मी भरतनाट्यम शिकतो आहे असे वाटे. झोपताना उजव्या दंडाखाली उशी घेऊन हात किंचित वर ठेवण्याची सूचना सर्वांत साधी होती आणि आरामखुर्चीतून मला अंथरुणात परत आणले ते तिनेच.

पहिल्या दोन आठवड्यांत सहा भेटी झाल्या, मग आठवड्याला एक, एकूण चौदा. तिसऱ्या आठवड्यात हात डोक्यावरून उतरला. पाचव्या आठवड्यात कळ कोपराच्या वरच थांबू लागली, याला बाईंनी फार महत्त्व दिले. दुखणे बोटाकडून मानेकडे परत येत असेल तर ते मानेत काही दिवस वाढले तरी हरकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सहाव्या आठवड्यात शल्यविशारदांची आधीच घेऊन ठेवलेली भेट झाली. त्यांनी दंडाचा जोर तपासून तो वाढत असल्याचे पाहिले आणि तीन महिन्यांनी या, असे सांगितले.

आता मुख्य प्रश्न असा की मला बरे कोणी केले. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे एमआरआयवर मानेतली गादी बाहेर आल्याचे निश्चित झालेल्या ५० रुग्णांवर कायरोप्रॅक्टरांनी उपचार केले आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात तीन महिन्यांनी ८५.७ टक्के लोकांनी सुधारणा सांगितली, कोणाला गंभीर अपाय झाल्याचे आढळले नाही. हा आकडा मी अभिमानाने माझ्या भावाला पाठवला. तो औषधांच्या कंपनीत चाचण्यांच्या नोंदी तपासण्याचे काम करतो. त्याने एकाच ओळीत विचारले, "उपचार न केलेल्यांचे काय झाले?" तसा गट त्या अभ्यासात नव्हता. उलट नेदरलँड्समध्ये २०५ रुग्णांची अशी तुलना झाली होती. काहींना मानेचा पट्टा आणि विश्रांती, काहींना फिजिओथेरपी आणि काहींना काहीच नाही. २००९ सालच्या त्या निष्कर्षांत पहिल्या सहा आठवड्यांत पट्टा किंवा फिजिओथेरपी घेणाऱ्यांची कळ अधिक कमी झाली, पण सहा महिन्यांनी तिन्ही गटांत फरक उरला नव्हता. बाहेर आलेल्या गराचा बराचसा भाग शरीरातल्या पेशी हळूहळू खाऊन टाकतात, हे तर एमआरआयच्या पुनर्तपासण्यांतून दिसलेलेच आहे.

या सगळ्यातून माझे मत असे बनले आहे की गादी त्या टेबलाने बरी केली नाही, ती बहुधा माझ्या शरीराने वेळ घेऊन केली. टेबलाने, व्यायामांनी आणि त्या उशीने मला तो वेळ काढता आला. हे कमी नव्हे. रात्री तीन वाजता आरामखुर्चीत बसून हात कापून टाकावासा वाटतो, अशा अवस्थेत 'सहा महिन्यांनी सारखेच' या वाक्याचा काही उपयोग नसतो. पहिल्या सहा आठवड्यांतला तो फरक हाच रुग्णाच्या दृष्टीने सगळा फरक असतो, आणि याच आठवड्यांत घाबरून माणूस एक तर घाईने शस्त्रक्रियेला उभा राहतो किंवा ३६ बैठकांच्या कागदावर सही करतो. फिजिओथेरपीकडे गेलो असतो तर बहुतेक हेच झाले असते, हेही मान्य करतो. दोन्हींकडे आता हाताने ओढणे, सांधे मोकळे करणे आणि व्यायाम यांचा मोठा भाग सारखाच आहे.

भारतात मात्र या दोन पर्यायांत मोठा फरक आहे. तिथे फिजिओथेरपीचे पदवी शिक्षण सर्वत्र उपलब्ध आहे, तर कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. परदेशात रीतसर शिकून आलेले थोडे लोक आहेत आणि मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून मान कडाडा वाजवणारे कितीतरी अधिक आहेत. हनुवटीला पट्टा बांधून झटक्याने डोके ओढण्याच्या चित्रफिती मला घरच्या व्हॉट्सॲप गटावर दर आठवड्याला येतात. माझ्या दुखण्याची बातमी पसरल्यापासून तर मी त्या गटाचा मणकेतज्ज्ञच झालो आहे. पुण्यात कोणी विचारले तर मी आधी हाडांच्या डॉक्टरांकडे किंवा मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाकडे तपासणी आणि मग चांगला फिजिओथेरपिस्ट असेच सांगतो.

गेल्या दिवाळीनंतर पुण्याहून मावसभावाचा फोन आला. त्याची मान महिनाभर दुखत होती, हातांना मुंग्या येत होत्या आणि त्याला कोणीतरी एका मान मोडणाऱ्याचा पत्ता दिला होता. तुझे बरे झाले तसे माझेही होईल का, असे तो विचारत होता. मुंग्या कोणत्या हाताला, असे मी विचारले. दोन्ही, तो म्हणाला. मग मी त्याला शर्टाचे बटण लावायला सांगितले. तो हसला आणि म्हणाला, "ते हल्ली वहिनीच लावते तुझी. बोटं ऐकतच नाहीत. आणि जिना उतरताना पाय जरा लाकडासारखे वाटतात, वय झालं." मी त्याला त्या पत्त्यावर जाऊ नकोस, मानेला कोणालाही हात लावू देऊ नकोस आणि आजच्या आज रुग्णालयात जा, असे इतक्या जोरात सांगितले की पत्नी शेजारच्या खोलीतून धावत आली.

त्याच्या मज्जारज्जूवर दोन ठिकाणी दाब होता. त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. आता तो जिना नीट उतरतो, बटणांना अजून वेळ लागतो. माझ्या मधल्या बोटाचे टोक अजूनही किंचित बधीर आहे. पोळ्या मात्र पुन्हा मीच लाटतो, आणि यंदाचा बर्फ फावड्याने उचलून न टाकता ढकलत कडेला नेला.